शुक्रवारचा हातोडा

दिनांक १२ एप्रिल, गुरुवार
सायंकाळचे सहा वाजून दहा मिनिटे

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या अविवाहित, अविचारी आणि अलीकडे किंचित स्थूल झालेल्या कनिष्ठ बंधूचा साष्टांग नमस्कार. आठ अंगांपैकी दोन गुडघे हल्ली वाकताना आक्षेप नोंदवतात. सबब उरलेल्या सहा अंगांचा नमस्कार पूर्ण समजून स्वीकारावा. माझी प्रकृती उत्तम आहे. क्षुधा तर प्रकृतीहूनही उत्तम आहे. तुझी आणि बाबांची खुशाली कळावी, असे लिहिण्याची रीत आहे, ती पाळली.

पत्र लिहिण्यास कारण की, आमच्या तुकडीत कालगणनेची क्रांती झाली आहे. ती झाली फेब्रुवारीत, आणि तुला कळते आहे एप्रिलमध्ये. या विलंबाचा खुलासा योग्य स्थळी येईल. तूर्त तू क्रांतीकडे लक्ष दे.

आमचे काम तुला ठाऊक आहेच. सैन्यापुढे नदी आली की तिच्यावर लोखंडी पूल उभा करून द्यायचा. प्रत्यक्षात नदी क्वचितच येते. त्यामुळे वर्षातले अकरा महिने आम्ही एकच पूल आवारात उभारतो, मोडतो आणि पुन्हा उभारतो. या निष्काम कर्मासाठी आजवर आठवड्याचे पाच दिवस आणि दिवसाचे आठ तास नेमलेले होते. जानेवारीच्या अखेरीस वरून आज्ञापत्र आले की, तेच चाळीस तास यापुढे चार दिवसांत बसवावेत. रोज दहा तास काम आणि शुक्रवारी आवार बंद. शिवाय सकाळी सहा ते आठच्या दरम्यान आपापल्या सोयीने यावे आणि त्या हिशेबाने जावे. मात्र नऊ ते तीन सर्वांनी हजर असावे. आज्ञापत्रात या व्यवस्थेला 'लवचिक व संकोचित कार्यसप्ताह' असे नाव आहे. तीस वर्षांच्या नोकरीत सैन्याला लवचिक झालेले मी प्रथमच पाहिले.

आज्ञापत्र मी सर्वांना उच्चरवाने वाचून दाखवले. आमचा वेल्डर, ज्याला सगळे ठिणगी म्हणतात, त्याने हात वर केला.

"म्हणजे दहा तास उभं राहायचं, पण मग तीन दिवस आडवं. असंच ना, साहेब?"

"तत्त्वतः तसेच," मी म्हणालो.

"तत्त्वतः नको. खरं सांगा."

"खरंच तसं."

आमचा भांडारपाल, ज्याला दिसेल ते बंद करून ठेवण्याच्या सवयीवरून कुलूप हे नाव पडले आहे, तो मागून म्हणाला, "आणि हे घरी सांगायचं की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवायचं ना?"

सगळे हसले. मीही हसलो. कुलूप मात्र गंभीर होता. त्याने खरोखरच घरी सांगितले नाही. दर शुक्रवारी तो नेहमीप्रमाणे डबा घेऊन निघायचा, गावाबाहेरच्या तळ्याकाठी गळ टाकून बसायचा आणि संध्याकाळी थकल्याचा चेहरा करून परतायचा. चौथ्या शुक्रवारी बायकोने विचारले, "भांडार म्हणजे बंद खोली. मग नाकाची सालपटं कशानं निघाली?" त्या दिवसापासून कुलूप शुक्रवारी घरातले माळे आवरतो आहे. ठिणगीने आपल्या दोन्ही मुलींना सायकल शिकवली आणि त्या शिक्षणात स्वतःचे मनगट मुरगाळून घेतले. आवारात गुरुवारी दुपारी चार वाजल्यापासून जो आनंद पसरतो तो तू पाहायला हवास. दहाव्या तासाला माणसे दमतात, पण दमलेली माणसे गाणी म्हणताना मी याच वर्षी ऐकली.

तू मनातल्या मनात म्हणत असशील की, हा बोलघेवडा इतरांचे शुक्रवार वर्णितो आहे; याचा स्वतःचा शुक्रवार कुठे आहे?

माझा शुक्रवार आवारातच आहे. मी या योजनेत सामील झालो नाही. योजना ऐच्छिक होती, आणि संपूर्ण तुकडीत ती नाकारणारा एकमेव महापुरुष म्हणजे मी. कारण म्हणून मी लेखी निवेदन दिले. त्यात 'कर्तव्य', 'सातत्य' आणि 'दूरध्वनीची निगराणी' हे शब्द होते. आमच्या मेजर मॅडमनी ते हजेरीच्या वेळी सर्वांसमोर वाचले आणि म्हणाल्या, "सगळ्यांना सुट्टी मिळावी म्हणून एक माणूस मागे थांबतोय. टाळ्या वाजवा." टाळ्या वाजल्या. ताई, मी मान लववून त्या स्वीकारल्या.

यापुढचे वाक्य मी तीनदा लिहून तीनदा खोडले आहे. कागदाची ही अवस्था त्यामुळेच आहे.

मी मागे थांबलो, कारण सुट्टी मिळाली असती तर तुझ्याकडे यावे लागले असते.

गेली चार वर्षे तू बाबांना उठवतेस, न्हाऊ घालतेस, भरवतेस, आणि मी तुला दर पत्रात लिहितो की सैन्य मला सोडत नाही. जानेवारीपर्यंत ते अर्धसत्य होते. फेब्रुवारीपासून ते निखळ असत्य आहे. सैन्याने मला सोडले होते. मीच सैन्याचा हात धरून बसलो.

आता गेल्या शुक्रवारचा तुझा फोन. तू कधी आवारात फोन करत नाहीस, म्हणून आवाज ऐकताच मला वाटले, बाबांचे काहीतरी झाले. पण तू तर आनंदात होतीस. ग्रंथालयाने तुला विचारले होते. जुन्या ग्रंथांच्या बांधण्या उसवल्या आहेत, हाताने पुस्तक बांधणारे माणूस त्यांना दुसरे मिळत नाही, आठवड्यातून एकच दिवस, बुधवार. महिनाअखेरीपर्यंत कळवायचे आहे. तू म्हणालीस, "बारा वर्षं झाली रे सुई-दोरा सोडून. हात विसरले असतील का?" आणि मग जरा थांबून, "तुला बुधवारी येता येईल का? फक्त बुधवारी."

मी म्हणालो, "ताई, इथे श्वास घ्यायला फुरसत नाही." पाठीमागून लोखंडावर घण पडल्याचा आवाज येत होता. तू म्हणालीस, "हो रे, ऐकू येतंय. बरं, राहू दे. तू काम कर."

त्या वेळी आवारात चिटपाखरू नव्हते. फोन शेडच्या खांबावर आहे आणि पुलाच्या चौकटी त्याच्या शेजारीच रचलेल्या असतात. एका हातात मी फोन धरला होता. दुसऱ्या हातात हातोडा होता. घण घालणारा मीच होतो.

हे लिहून झाले. आता उरलेले सोपे आहे.

मेजर मॅडम त्या दिवशी आपला चष्मा न्यायला आल्या होत्या. त्यांनी दारातून सर्व पाहिले, ऐकले, आणि चष्मा घेऊन निघून गेल्या. मंगळवारी मला खोलीत बोलावले. टेबलावर माझी शुक्रवारच्या फोनची नोंदवही उघडी होती.

"बसा. दहा शुक्रवार झाले. फोन किती वेळा वाजला?"

"तीनदा, मॅडम. पहिला चुकीचा नंबर. दुसराही त्याच गृहस्थांचा, पहिली चूक पक्की करण्यासाठी. तिसरा घरचा."

"तिसऱ्या वेळी तुम्ही चौकटीला हातोडा मारत होतात. ते काम मी कशाखाली लिहू? देखभाल?"

"मनोरंजन," मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. समोरचा हसला नाही की मी दुसरा विनोद काढतो, तोही पडला की तिसरा. त्या दिवशी दुसरा सुचला नाही.

"मला आधी वाटलं, चौकटीत काहीतरी अडकलंय, मदत करावी," मॅडम म्हणाल्या. "मग ताई म्हणालात ते ऐकलं. फौजेचं नाव सांगून घरी जायचं टाळणारे मी खूप पाहिलेत. पण मिळालेली सुट्टी फौजेलाच परत देणारा पहिलाच. का?"

मी त्यांना जे सांगितले ते तुला आधी सांगायला हवे होते. बाबा सुतारकाम करताना मी लाकडाच्या ढिगावर बसून बोलत असे. काय वाटेल ते बोलत असे. मला शब्दांचा नाद लागला तो त्यांना हसवता हसवता. शाळेत, नोकरीत, जिथे जिथे मी विदूषकाचे आसन पटकावले, तिथे तिथे मनात श्रोते बाबाच होते. अर्धांगाच्या झटक्याने त्यांची वाचा गेल्यानंतर दुसऱ्या वेळी मी आलो होतो, आठवते? तू बाजारात गेली होतीस. मी तासभर माझे निवडक साहित्य सादर केले. ते खिडकीकडे पाहत राहिले. त्यांना समजत नाही म्हणून, की समजते आणि आवडत नाही म्हणून, हे मला कळेना. मला ते सहन झाले नाही. परतीच्या बसमध्ये बसलो तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले, आणि त्या सुटकेची लाज मी आजपर्यंत आज्ञापत्रांच्या भाषेत गुंडाळून तुला पाठवत आलो.

मॅडमनी सर्व ऐकले आणि एवढेच विचारले, "बहिणीला कोणता वार हवाय?"

"बुधवार."

"बुधवारी चौकटी उचलायच्या असतात."

इथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. पुलाची एक चौकट सहा माणसांनी मिळून उचलायची असते. सहाही जण एकाच क्षणी उठले नाहीत तर कुणाची तरी पाठ जाते किंवा बोटे. म्हणून सातवा माणूस बाजूला उभा राहून ओरडतो: धरा, तोला, उचला, चला. आमच्या तुकडीत तो सातवा माणूस एकोणीस वर्षे मी आहे. याच कारणाने माझ्या पाठीमागे सगळे मला भोंगा म्हणतात, हे मला माहीत नाही असा त्यांचा समज आहे.

"म्हणूनच तर अडचण आहे, मॅडम. पुकारा कोण देणार?"

"तुमच्याशिवाय चौकट उचलली जाणार नाही, असं म्हणायचंय?"

मी विचार केला. खरे उत्तर देणे फार जड गेले. "उचलली जाईल," मी म्हणालो.

"मग उद्या उचलून बघू. जमलं तर तुमचे वार सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार. चार दिवस, दहा तास. शुक्रवारी फोनपाशी कुणीतरी हवंच आहे. फक्त हातोडा भांडारात जमा करा."

काल पुकारा ठिणगीने दिला. दोन मुलींचा बाप आहे, पण आवाज अजून फुटायचा आहे. पहिल्या वेळी 'तोला' आणि 'उचला' यांच्यात त्याने एवढा अवकाश सोडला की सहाही जण अर्धे वाकून एकमेकांकडे पाहत राहिले. माझे तोंड आपोआप उघडले. कुलूप शेजारी उभा होता, हळूच म्हणाला, "साहेब, माशी जाईल." मी ते मिटले. दुसऱ्या वेळी चौकट सरळ उठली, सरळ चालली आणि आपल्या जागी बसली.

ठिणगी धावत आला. "कसं झालं, साहेब?"

"सुश्राव्य नव्हते."

"पण बसली ना?"

"बसली."

तर ताई, ग्रंथालयाला होकार कळव. माझ्यावर विसंबून कळव, असे म्हणण्याचा अधिकार मी हातोड्याने फोडला आहे, तरी म्हणतो. तू रागावली असशील तर तो राग मला समोर बसवून ऐकव, पण बुधवार सोडून इतर दिवशी ऐकव. बुधवारी तू घरी असणार नाहीस. पहिली बस साडेआठला तुझ्या कोपऱ्यावर पोहोचते. तू लिहिशील त्या बुधवारपासून मी तिच्यात असेन.

बाबांना काय सांगायचे ते तू ठरव. मला भीती वाटते, एवढे सांगितलेस तरी चालेल.

तुझा खोटारडा, परंतु यापुढे चार दिवसांचाच,
धाकटा


दिनांक २५ एप्रिल, बुधवार
दुपारचे सव्वातीन, तुझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावरून

प्रिय ताई,

आज तीर्थस्वरूप वगैरे लिहीत नाही. सकाळी तू दारात पिशवी खांद्याला लावून उभी होतीस, आणि ग्रंथालयाची वेळ होत आली म्हणून माझ्याकडे नीट पाहिलेसुद्धा नाहीस. मला ते फार आवडले.

तुझे उत्तर मी पाकिटात जपून ठेवले आहे. एवढ्या लांबलचक कबुलीजबाबाला एवढे आटोपशीर उत्तर सैन्यातही मिळत नाही: 'पंचवीस तारखेपासून. साडेआठ. हातोडा आणू नकोस.' ते आवारात वाचून दाखवण्याचा मोह झाला होता. टाळला. माझ्यात सुधारणा होत आहे, त्याचा हा लेखी पुरावा.

आता दिवसाचा अहवाल. तू संध्याकाळी येशील तेव्हा मी तोंडी सांगेनच, पण तोंडी सांगताना मी अलंकार घालतो; म्हणून खरे ते आधी इथे लिहून ठेवतो.

तू ठेवलेला सूचनांचा कागद मी दोनदा वाचला आणि मग आत्मविश्वासाच्या भरात बाजूला ठेवला. बाबांना पलंगावरून खुर्चीत न्यायचे होते. मी त्यांच्या बगलेखाली हात घातले आणि सवयीने म्हणालो, "धरा. तोला." तिसरा शब्द ओठांवर होता, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने माझी कॉलर धरून मला खाली बसवले. किती जोर आहे ग त्या हातात! मग मी तुझा कागद पुन्हा काढला. त्यात सातव्या ओळीत स्पष्ट लिहिले आहे: 'ते तयार झाले की मांडीवर दोनदा थापटतात. त्याआधी उचलू नकोस.' मी थांबलो. बराच वेळ थांबलो. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी धूत होते, ती धुऊन झाली. मग त्यांनी दोनदा थापटले आणि आम्ही दोघे उठलो. एकोणीस वर्षे मी सहा जणांना कधी उठायचे ते सांगत आलो. इथे पुकारा त्यांचा आहे.

नंतर मी बोलायला लागलो. तुला अपेक्षित होतेच. आवारातली गंमत, कुलपाचे मासे, सायकल, मनगट, सर्व. अर्धा तास झाला असेल. बाबांनी हात उचलला, मला वाटले पाणी हवे आहे, म्हणून मी वाकलो. त्यांनी तळहात माझ्या तोंडावर ठेवला. हळूच. आणि तसाच ठेवला.

ताई, मी पन्नाशीचा माणूस. कुणी माझे तोंड बंद केले तर मी पाच दिवस अपमान आठवणारा. पण तो हात उबदार होता, आणि त्याला अजून सुताराची खडबडीत त्वचा आहे. मी गप्प झालो. त्यांनी हात काढल्यावरही गप्प राहिलो. एक तास आम्ही दोघे शेजारी बसून समोरच्या खिडकीकडे पाहत होतो. सुरुवातीची दहा मिनिटे अत्यंत कठीण गेली. अकराव्या मिनिटाला मला प्रथमच लक्षात आले की खिडकीची चौकट बाबांनीच केलेली आहे, आणि ते खिडकीबाहेर नव्हे, तिच्या डाव्या सांध्याकडे पाहतात. तो सांधा थोडा उघडला आहे. मी उठून त्यावर बोट ठेवले. त्यांनी मान हलवली. पुढच्या वेळी मी लाकूड चिकटवायला सरस आणि शिकंजा घेऊन येईन, त्यांनी खुर्चीतून देखरेख करावी, असे मी ठरवले आहे. त्यांनाही ते मान्य आहे असे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसते. निदान ठाम विरोध दिसत नाही.

दुपारी सूप भरवताना मी अर्धा वाडगा स्वतःच्या पँटवर उपडा केला. गरम होते. मी ज्या प्रकारे नाचलो ते शब्दांत मांडण्यास भाषा अपुरी आहे. वर पाहिले तर बाबांचा डावा खांदा हलत होता. पूर्वीही ते असेच हसत ना, आवाज न करता, खांद्यांनी? तोच खांदा. बराच वेळ हलत होता. इतक्या वर्षांच्या माझ्या परिश्रमपूर्वक रचलेल्या विनोदांना जे साधले नाही, ते तुझ्या भोपळ्याच्या सुपाने साधले. मी ही रुचकर मानहानी मान्य केली आणि तुझी जुनी चादर नेसून पँट वाळत घातली. तू येईपर्यंत ती वाळली नाही तर दारात दिसणाऱ्या आकृतीला घाबरू नकोस.

आता ते झोपले आहेत. औषध दोनला दिले, कागदावर खूण केली. उशी उजवीकडे लावली. मी दर थोड्या वेळाने जाऊन पाहतो आहे. काही करण्यासारखे नसते, तरी जातो.

तुझ्याविषयी मात्र मला काहीच माहीत नाही. या क्षणी तू कुठल्या तरी उंच टेबलाशी बसली असशील, सुईत दोरा ओवत असशील, आणि तुझ्या हातांना आठवते की नाही ते तुला एव्हाना कळले असेल. चार वर्षांत पहिल्यांदाच तू या क्षणी नेमके काय करते आहेस, हे या घरात कुणालाही ठाऊक नाही. मला ही गोष्ट फार चांगली वाटते आहे.

कागदाच्या शेवटच्या ओळीत तू लिहिले आहेस, 'सहाच्या आत नक्की येते', आणि 'नक्की'खाली दोन रेघा ओढल्या आहेस. आज तू ये सहाच्या आत. पुढच्या बुधवारपासून त्या रेघा नकोत. काम संपल्यावर तिथल्या कुणाबरोबर चहा घे, रमतगमत चाल, वाटेत एखाद्या दुकानाशी उगाच थांब. शेवटची बस साडेआठची आहे. तोवर मी कुठेही जात नाही. आम्ही दोघे इथे बसलेलो असू. वाट पाहणे दोघांनाही जमते.

तुझा, आणि दर बुधवारी या घरचा,
धाकटा